गावातल्या घराची किंमत ठरवताना आम्ही नेमकं काय बघतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात, गावठाणात आहे. आठ वर्षांपूर्वी बावीस लाख खर्चून बांधलं. नमुना आठ अजून वडिलांच्या नावावर आहे, ते तीन वर्षांपूर्वी वारले. आता वर मजला चढवायला गृहकर्ज मागितलं, तर बँकेनं पाठवलेला व्हॅल्युअर अर्ध्या तासात बघून गेला आणि साडेचौदा लाख किंमत लिहून दिली. टाइल्स, किचन, दारं-खिडक्या सगळं चांगल्यातलं आहे, ते त्यानं धड बघितलंही नाही. भिंतींवरून हात फिरवत होता आणि न्हाणीचं पाणी कुठं जातं ते विचारत होता. हे लोक नक्की काय बघतात?"

भाऊ, सव्वीस वर्षं मी हेच काम करतो. सिव्हिल इंजिनिअर आहे, नोंदणीकृत मूल्यांकनकार आहे, आणि माझं बहुतेक काम यवतमाळ, वाशीम, अमरावती या पट्ट्यातल्या खेड्यांतलंच असतं. तुमच्याकडे आलेला माणूस मी नव्हतो. पण तुम्ही सांगता त्यावरून त्याला काम येतं असं मला वाटतं. न्हाणीचं पाणी विचारण्यामागे फार मोठं कारण आहे, ते पुढे सांगतो.

आधी आकड्याचं बघू. बावीस लाख हा तुमचा खर्च झाला. आम्हाला विचारलेलं असतं ते निराळं: हे घर आज, आहे त्या कागदांवर, याच गावात विकायला काढलं तर डोळे उघडे ठेवून घेणारा गिऱ्हाईक काय देईल? शहरात अशा गिऱ्हाइकांची रांग असते. खेड्यात बहुधा दोनच असतात, शेजारचा भाऊबंद किंवा बाहेरगावी नोकरीला असलेला गावचाच माणूस. ते दोघं काय मोजतील आणि काय सोडून देतील, याचा अंदाज आम्ही लिहितो.

हिशेब कसा होतो ते समजण्यापुरते दर धरून दाखवतो. जागा १८०० चौरस फूट, दर १५० रुपये, म्हणजे २ लाख ७० हजार. बांधकाम ९०० चौरस फूट. तसंच साधं, नीट बांधकाम आज नव्यानं करायला १५०० रुपये फूट धरले तर साडेतेरा लाख. त्यातून घसारा वजा होतो. स्लॅबच्या घराचं आयुष्य ६० वर्षं धरलं आणि शेवटी दहा टक्के किंमत उरते असं मानलं, तर आठ वर्षांचा घसारा बारा टक्के येतो, म्हणजे १ लाख ६२ हजार. उरले ११ लाख ८८ हजार. त्यात जागा मिळवा: १४ लाख ५८ हजार. तुमच्या व्हॅल्युअरचे दर मला माहीत नाहीत, पण त्याचा कागद मागून घ्या. त्यात ही मांडणी तुम्हाला ओळीनं दिसेल आणि कुठं चूक असेल तर बोट ठेवता येईल.

मग बाकीचे पैसे गेले कुठं? तुमच्या बावीस लाखांत काय काय आहे ते आठवून बघा. कोरडा गेलेला बोअर, रस्त्याच्या पातळीला यायला टाकलेला भराव, भिंतीतली कपाटं, पीओपी, गृहप्रवेशाचं जेवण. पाणी लागलेला बोअर आम्ही धरतो, कोरडा कोणी धरत नाही. फर्निचर घराच्या किमतीत येत नाही. ग्रॅनाइटचा ओटा चांगला असतो, पण त्या गावात त्यासाठी कोणी लाखभर जास्त देत नाही. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही. कपाशीच्या दोन चांगल्या हंगामांचे पैसे लोक एका हॉलमध्ये घालतात, हे मी रोज बघतो.

आता कागद. माझ्या मते खेड्यातल्या घराची निम्मी किंमत इथं ठरते आणि लोकांचं सगळ्यात कमी लक्ष इथंच असतं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. लोक नमुना आठ दाखवतात. पण नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. घर टॅक्स कोणाकडून घ्यायचा हे त्यात लिहिलेलं असतं. मालकीचा पुरावा म्हणून तो पुरत नाही. म्हणून आम्ही खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र असं काही नोंदणी झालेलं मागतो. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. त्यात ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. तुमच्या गावात ती झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून तुमची पत्रिका काढा आणि तिच्यावरचं क्षेत्र नमुना आठशी ताडून बघा. पत्रिकेवर चौरस मीटर असतात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. दोन्हींत फरक निघाला तर आम्ही कमी असलेला आकडा धरतो.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक गोष्ट हमखास निघते, ती म्हणजे ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान-पडीक जमीन. पुढची छपरी आणि दोन खोल्या स्वतःच्या जागेत, मागचा कोठा आणि संडास सरकारी ई-क्लासवर, असं असतं. वर्षानुवर्षं वहिवाट असते, टॅक्सही भरलेला असतो. तरी त्या तुकड्याच्या जागेची किंमत मला शून्य लिहावी लागते आणि बँक तेवढा भाग तारणात घेत नाही. शेतात बांधलेलं घर असेल तर अकृषिक परवानगी बघतो, जमीन भोगवटदार वर्ग दोनची आहे का ते बघतो, कारण वर्ग दोनच्या विक्रीला सरकारी परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय जातच नाही. झरी, मारेगाव, धारणीकडे गेलो की मी मोजमापाच्या आधी हे तपासतो.

त्यानंतर चतुःसीमा. खतात लिहिलेलं असतं, पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस सरकारी रस्ता. मी दारात उभा राहून चारी बाजू जुळवतो. सामाईक भिंत कोणाची, शेजाऱ्याचं पागोळीचं पाणी कुठं पडतं, दारापर्यंत ट्रॅक्टर येतो का, हे विचारतो. विटा-गिट्टीचा ट्रॅक्टर दारात येत नसेल तर पुढचं प्रत्येक बांधकाम डोक्यावरून वाहावं लागतं. ते गिऱ्हाइकाला बरोबर कळतं.

आता न्हाणीच्या पाण्याकडे येतो.

कामाला लागलो त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. नेर तालुक्यात एका निवृत्त मास्तरांचं नवं घर मी ऑगस्टमध्ये बघितलं. नुकताच डिस्टेंपर लावलेला होता, भिंती गुळगुळीत होत्या. मी चांगला अहवाल दिला. पुढच्या मे महिन्यात कर्जाच्या दुसऱ्या हप्त्यासाठी पुन्हा गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत एक तिरकी भेग गेलेली होती. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी. मी खिशातलं रुपयाचं नाणं काढून उभं धरलं, ते भेगेत कडेपर्यंत गेलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "सायेब, पानी आलं का थे आपोआप मिटते."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात एप्रिल-मे महिन्यात ज्या भेगा पडतात, ज्यांत बैलाचा पाय अडकतो, तीच माती घराखालीही असते. अख्खं घर एकसारखं वर-खाली झालं असतं तर भिंतीला काही झालं नसतं. मोडतोड होते ती एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा राहिल्यानं. मास्तरांच्या घरी न्हाणीचं पाणी भिंतीला लागूनच सांदवाडीत सोडलेलं होतं, तिथं केळी आणि अळू छान वाढलेले. तो कोपरा बारमाही ओला, पुढचा भाग उन्हाळ्यात कडक कोरडा. घर मधूनच वाकत होतं. ऑगस्टमध्ये माती फुगून भेग मिटली होती आणि वर रंग बसला होता, म्हणून मला ती दिसली नाही. ती माझी चूक होती. तेव्हापासून नवा रंग दिलेल्या घरात मी जास्त वेळ थांबतो, आणि न्हाणी, मोरी, शोषखड्डा, पन्हाळी यांचं पाणी कुठं जातं हे विचारल्याशिवाय निघत नाही.

मास्तरांनी पुढे पाइप टाकून पाणी भिंतीपासून दहा-बारा फूट दूर नेलं, जोत्याभोवती चारी बाजूंनी तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा केला, आणि दोन पावसाळे गेल्यावर भेग भरली. काही वर्षांनी मी गेलो तेव्हा ती जागा हातालाही लागत नव्हती. भिंतीवरून हात फिरवण्याचं कारणही हेच आहे. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली भेग डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते.

प्रत्येक भेग मात्र पायाची नसते. गिलाव्यावर केसासारखं बारीक जाळं दिसत असेल तर गिलाव्याला पाणी कमी मारलेलं असतं. त्यानं किमतीला काही होत नाही. पिलर आणि विटांच्या सांध्यात सरळ उभी रेघ असेल तर तिथं जाळी न लावताच गिलावा केलेला असतो, तेही किरकोळ. स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग असेल तर ती उन्हाची. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, स्लॅब तापून प्रसरण पावतो आणि वरचा थर ओढतो. वरून चांगला कोबा आणि पांढरा थर दिला की ती आटोक्यात येते. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी भेग मात्र मी गांभीर्यानं घेतो. भिंतीपासून चार-सहा फुटांवर मोठा कडुनिंब किंवा उंबर असेल तर तेही, कारण झाड मुळांनी जमिनीतलं पाणी ओढतं आणि तेवढाच भाग आकसतो.

म्हणून मी पायाबद्दल विचारतो: किती खोल गेले, मुरूम लागला का? काळी माती पातळ असेल तर मुरमापर्यंत जाऊन पाया घेणं हाच खरा उपाय. माती फार खोल असेल तर तळाशी फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. खेड्यात ते क्वचित दिसतं. बहुतेक ठिकाणी मिस्त्री चार फूट खणतो, "लय झालं" म्हणतो आणि भरायला लागतो. पाया आता मातीखाली आहे, मी खणून बघू शकत नाही. पण आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बांधकामाचे फोटो असतात. पाया खोदतानाचा, सळई बांधल्यावर काँक्रीट ओतण्याआधीचा, असे फोटो तारखेसह दाखवले तर माझा भरवसा वाढतो आणि तो आकड्यात उतरतो. सिमेंट-लोखंडाची बिलंही ठेवा.

अकोला, दर्यापूर, अंजनगाव, शेगाव या बाजूला, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, मी आणखी एक गोष्ट बघतो. तिथं काँक्रीटला विहिरीचं खारं पाणी वापरलेलं असू शकतं. सळई असलेल्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड नको, असं भारतीय मानक सांगतं. खाऱ्या पाण्यात ते सहज ओलांडलं जातं, मग दहा-पंधरा वर्षांत स्लॅबच्या खालून तांबूस डाग येतात, पापुद्रे सुटतात आणि गंजलेली सळई उघडी पडते. भिंतीच्या तळाला पांढरा क्षार फुटलेला दिसला की मी आधी स्लॅबखाली टॉर्च मारतो. अशा घराचं उरलेलं आयुष्य साठातून वय वजा करून काढता येत नाही, ते डोळ्यांनी बघून कमी करावं लागतं.

नदीकाठच्या गावात पूररेषा बघतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचं पाणी भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत कुठपर्यंत चढलं होतं, हे तिथल्या भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवरून अजून काही घरांत सांगता येतं. वणी, राजुरा, उमरेडकडे कोळसा खाणीच्या सुरुंगाचे हादरे किती बसतात ते शेजाऱ्यांना विचारतो.

जुन्या घरांबद्दल थोडं. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, सागवानी खांब आणि नाटा असलेलं घर बँकेच्या हिशेबात जवळजवळ संपलेलं असतं. पण त्यातलं लाकूड संपलेलं नसतं. मी खांबाच्या बुडाशी, जिथं तो दगडावर टेकतो, तिथं पेचकस टोचून बघतो. उधई लागली असेल तर पेचकस पिठात गेल्यासारखा आत जातो, नाहीतर टणकन परत येतो. चांगल्या जुन्या सागाची किंमत मी वेगळी लिहितो. असं घर पाडून ते लाकूड कवडीमोलानं दिलेलं मी अनेकदा बघितलंय. पाडायच्या आधी घनफुटानं मोजून घ्या, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

जागेचा दर कसा काढतो, हेही लोक विचारतात. दुय्यम निबंधकाकडे त्या गावातल्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या खरेद्यांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, काढतो. खेड्यात असे व्यवहार मोजकेच सापडतात, म्हणून आजूबाजूची गावं धरतो, तलाठी-ग्रामसेवकांना विचारतो, किराणा दुकानात बसतो. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव त्याच्या वर किंवा खाली असू शकतो. समृद्धी महामार्ग जवळून गेला म्हणून भाव वाढला, असं कारंजा-धामणगाव भागात बरेच जण धरून चालतात. पण त्या रस्त्यावर फक्त इंटरचेंजवरूनच चढता येतं. म्हणून मी रस्त्याचं अंतर मोजत नाही, इंटरचेंजचं मोजतो.

मूल्यांकन कशासाठी आहे त्यानं आकडा बदलतो, हे लक्षात असू द्या. बँकेला बाजारमूल्यासोबत वसुलीयोग्य मूल्य आणि सक्तीच्या विक्रीचं मूल्यही हवं असतं, ते आणखी कमी असतं. प्राप्तिकरासाठी जुन्या घराचं १ एप्रिल २००१ चं मूल्य लागू शकतं. भूसंपादनात २०१३ च्या कायद्यानं घर, विहीर, झाडं यांचं वेगळं मूल्यांकन होतं आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. तिथं संयुक्त मोजणीच्या दिवशी हजर राहून प्रत्येक गोष्ट नोंदवून घेणं सगळ्यात महत्त्वाचं, नंतर ती घुसवता येत नाही.

आता तुमच्या घरासाठी. आधी वारस नोंद करा. आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावं येतील, बहिणींना वगळून चालणार नाही. सगळे एकमताचे असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. वडिलांच्या नावावरच्या घरावर तुम्हाला कर्ज मिळणं अवघड आहे, मग किंमत चौदा लाख असो की वीस. मिळकत पत्रिका, बांधकामाचे फोटो, बिलं एका फाइलीत लावा आणि अहवालात क्षेत्र किंवा वय चुकलं असेल तर लेखी फेरविचार मागा. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देण्याची रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, पण खेड्यातल्या घरावर बँका त्याहून बऱ्याच कमी देतात, तो हिशेब धरूनच मजल्याचं ठरवा.

आणि मजल्याच्या आधी एक काम करा. त्यानं भिंतींवरून हात फिरवला आणि न्हाणीचं पाणी विचारलं म्हणता, म्हणजे न्हाणीजवळच्या भिंतीत त्याला काहीतरी लागलं असावं. त्या जागी भेग असेल तर तिच्यावर आडवी एक बारीक काचपट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं पक्की बसवा आणि बाजूला तारीख लिहा. भेग हलत असेल तर काच तडकते. येत्या जानेवारीत लावली तर मेअखेर एकदा आणि पोळ्यानंतर पुन्हा बघा. दोन्ही वेळा काच शाबूत राहिली, तर इंजिनिअरला बोलावून पाया वरचा भार घेईल का ते तपासून घ्या. तडकली, तर पाणी आधी दूर न्या, वरचा मजला एक वर्ष थांबू द्या.